डॉरीनच्या वाटचं ऊन

माणसाला माणसाचा सहवास अन्नपाण्याइतकाच लागतो, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. थोरामोठ्यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटात हिवाळा काढलेला नव्हता. तिथे अन्न लागतं, पाणी लागतं, आणि दुसरा माणूस लागतो तो दगड मारला तर त्याला लागणार नाही इतक्या अंतरावर.

डिसेंबर उजाडला की उत्तरेकडची पेन्शनीत निघालेली मंडळी आपापली चाकांवरची घरं घेऊन या वाळवंटात उतरतात. इथले लोक त्यांना हिवाळी पाखरं म्हणतात. सरकारी परवाना घ्यायचा आणि उन्हाळा तापेपर्यंत वाटेल तिथे मुक्काम ठोकायचा. कुंपण नाही, फाटक नाही, जागेला नंबर नाही. नियम एकच, आणि तो कुठेही लिहिलेला नाही म्हणून सगळे पाळतात: आधी आलेल्याच्या जवळ गाडी लावायची नाही.

डॉरीन हॉगस्टॅड हा नियम पाळणाऱ्यांतली नव्हती. पाळायला लावणाऱ्यांतली होती. नॉर्थ डकोटात उभी हयात तिने शाळेची बस चालवली होती. बर्फात, धुक्यात, मागच्या बाकांवर मारामारी जुंपलेली असताना. निवृत्त झाल्यावर तिने आणि तिच्या नवऱ्याने, आर्नीने, घर विकून मोटारघर घेतलं. आर्नी गेल्यावरही ती दर हिवाळ्यात एकटी येत होती, त्याच जागी, एका सुक्या ओढ्याच्या काठाला, पालो वर्देच्या झाडाजवळ. मोटारघराच्या दक्षिणेला, आर्नीने रचून ठेवलेल्या चार सपाट दगडांवर सौर पाट्यांचं स्टँड उभं राही. आणि मुख्य रस्त्यापासून तिच्या दारापर्यंत पांढऱ्या दगडांची दुहेरी ओळ होती. एकाच मापाचे, एकाच अंतरावर, झाडूने झटकलेले.

"विमान उतरेल गं एखादं तुझ्या अंगणात," तिची मैत्रीण जोलीन म्हणायची.

जानेवारीतल्या एका दुपारी विमान नाही, पण एक ट्रेलर उतरला. जुनी निळी पिकअप, मागे राहण्याचा भलामोठा ट्रेलर, दोन्ही बाजूंना दगड सांभाळत अगदी पालखीच्या चालीने आत आला आणि डॉरीनचं मोटारघर आणि पालो वर्दे यांच्या मधोमध, ओढ्याच्या काठावर नाक टेकवून थांबला. पाचशे एकर वाळवंट पडलं होतं. हा बाबा तिच्या खिडकीत.

डॉरीन भांडं घासता घासता बाहेर आली, हातातल्या घासणीसकट.

"ओ मिस्टर! रस्ता चुकलात का?"

पिकअपमधून एक उंच, किंचित वाकलेला माणूस उतरला. अंगात लोकरी जाकीट, त्याची बटणं एकेक घर चुकून लावलेली. त्याने ओढ्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चुकलो असं म्हणता येणार नाही..." तो म्हणाला. "पण आलोय खरा."

"मग आलात तसे जा."

हे ऐकून तो गोरामोरा झाला. मागच्या ट्रेलरकडे त्याने अशी नजर टाकली, जशी लोक न्यायाधीशाकडे टाकतात.

"जागा छान आहे," तो म्हणाला.

"छान आहे म्हणूनच मी आहे इथे! समोर बघा. डोंगरापर्यंत मोकळं आहे. बोट ठेवाल ती जागा तुमची. ही सोडून."

"दगड तुम्ही लावलेत?"

"विषय बदलू नका."

"नाही, फार सुरेख लागलेत म्हणून विचारलं." त्याने टोपी काढली. "मी वेंडेल. वेंडेल प्रॅट. मी इथे राहिलो तर फार गैरसोय होईल?"

"हो."

"अच्छा," तो म्हणाला, आणि खाली बसून चाकांना लाकडी ठोकळे लावायला लागला.

डॉरीनच्या आयुष्यात एवढं उघड दुर्लक्ष फक्त आठवीच्या मुलांनी केलं होतं, आणि त्यांना ती बसमधून खाली उतरवू शकत होती. इथे जमीन सरकारची. दगड तिचे होते, पण दगडांना कायद्यात स्थान नाही.

खरा अन्याय थोड्या वेळाने कळला. हिवाळ्यात तिथला सूर्य दक्षिणेकडून खाली खालीच चालतो. दोन वाजले आणि वेंडेलच्या ट्रेलरची सावली सरपटत आली, आर्नीच्या चार दगडांवर चढली आणि पाट्यांवर पसरून बसली. संध्याकाळी डॉरीनचा आवडता प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम ऐन प्रश्नावर बंद पडला. बॅटरी मेली होती. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच तिला जनरेटर लावावा लागला, आणि तो लावून ती आत येऊन बसते न बसते तोच दारावर टकटक.

"माफ करा हं," वेंडेल पायरीवर उभा होता. "तुमचा जनरेटर..."

"आवाजाचा त्रास होतोय? मला तो कुणामुळे लावावा लागला ते विचारा आधी! माझं ऊन चोरलंत तुम्ही!"

"आवाजाचं काही नाही. बेसूर आहे थोडा."

"काय आहे?"

"बेसूर. मी आयुष्यभर पियानो सुरात लावले, ओरेगनमध्ये. तुमचा जनरेटर दोन सुरांच्या मधे लटकलाय, बिचारा. खाली रबरी पायपुसणं घालून बघा. टेकला तर शांत होईल."

डॉरीनने दार लावलं. लावलं म्हणजे आपटलं. मग पावलांचा आवाज दूर जाईपर्यंत थांबली, पायपुसणं उचललं, बाहेर जाऊन जनरेटरखाली सरकवलं. आवाज खरंच खाली आला. संताप तेवढाच वर गेला.

सकाळी तो पुन्हा हजर. "पाट्या मी उचलून पलीकडे ठेवून देऊ का? तिकडे दिवसभर ऊन आहे."

"पाट्या हलणार नाहीत. आर्नीने जागा ठरवलीय ती. हलायचं असेल तर सावलीने हलावं."

सावली हलायची, नाही असं नाही, पण आपल्या सवडीने. सूर्यास्तानंतर पूर्णपणे.

वाळवंटात दुपारी चार वाजता देव मानणारे आणि न मानणारे असे सगळेच एक व्रत पाळतात. ज्याने त्याने आपली घडीची खुर्ची आणि आपलं भांडं घेऊन कुणाच्या तरी शेकोटीभोवती जमायचं, प्लास्टिकच्या पेल्यातून मार्गारिटा प्यायची आणि न आलेल्यांबद्दल बोलायचं. जोलीन आणि तिचा नवरा हर्ब यांची शेकोटी डॉरीनपासून सभ्य अंतरावर होती. हर्ब खाणीत इंजिनिअर होता आणि अख्ख्या दिवसात जेवढं बोलायचा तेवढं जोलीन एका श्वासात बोलायची.

"प्रेमात पडलाय तो," जोलीनने जाहीर केलं.

"कोण?"

"अगं, तुझा शेजारी. नाहीतर कोण असं येऊन बसतं? एवढं वाळवंट सोडून!"

"निर्लज्ज आहे, म्हणून बसलाय."

"आणि पिकअप बघ ना. आला तेव्हापासून ट्रेलरपासून सोडवलीसुद्धा नाही. बाजारात जात नाही, कुठे नाही. पाणी आणायचं तर हर्बच्या जीपमधून कॅन घेऊन जातो. का? तर तुझ्यावरची नजर हलायला नको."

"त्याची नजर अधू आहे. जाकिटाची बटणं बघितलीस?"

"बटणं लावून द्यायला कुणी नाही गं त्याला," जोलीन हळवी होऊन म्हणाली. तिसरा पेला होता तो.

डॉरीनला याचा अतोनात संताप आला. अडुसष्टाव्या वर्षी बाईमाणसाने शांतपणे एकटं राहावं म्हटलं तर हे असं, वर परत मैत्रिणी! एक गोष्ट मात्र खरी, की निम्मं आयुष्य बस हाकलेल्या बाईला ती न सुटलेली पिकअप बघून दुसरीच शंका यायला हवी होती. पण रागाला आरसे नसतात. राग नुसता समोर बघत जातो.

त्या संतापातच तिने दुसऱ्या दिवसापासून केस नीट विंचरायला सुरुवात केली. शत्रूसमोर गबाळं जाऊ नये.

वेंडेल रोज सकाळी पायरीवर कॉफी घेऊन बसायचा आणि ती दिसली की टोपी उचलायचा. ती उत्तर द्यायची नाही. मात्र उत्तर न देण्यासाठी रोज त्याच वेळेला बाहेर यायची. एकदा त्याने खजूर घालून भाजलेला पाव आणून दिला.

"कोरडा आहे," ती एक तुकडा खाऊन म्हणाली.

"हो ना. माझ्या हातून कोरडाच होतो."

"भट्टीत वाटीभर पाणी ठेवायचं असतं."

"असं? मग दाखवा ना एकदा."

"मी कशाला दाखवू? ऊन गेलं, आता रेसिपीपण द्यायची?"

तिसऱ्या आठवड्यात त्याने आपल्या छपरावरच्या सौर पाट्यांना एक लांबलचक नारिंगी वायर जोडली आणि तिचं टोक डॉरीनच्या पायरीशी आणून ठेवलं.

"हे काय?"

"तुमच्या बॅटरीला जोडा."

"मला भीक नको."

"भीक कसली? ऊन तुमचंच आहे," वेंडेल म्हणाला. "फक्त पडतंय माझ्या छपरावर."

 डॉरीनने वायर उचलली आणि जोडली. त्या संध्याकाळी प्रश्नमंजुषा शेवटपर्यंत चालली. तिला स्वतःला एकही उत्तर आलं नाही, कारण ती सगळा वेळ खिडकीतून त्या वायरकडे बघत होती... इकडच्या दारातून तिकडच्या दारात, वाळूवरून, वळणावळणाने.

"आता तर वायरीने बांधले गेलात," जोलीन म्हणाली.

"गप गं," डॉरीन म्हणाली. पण नेहमीच्या जोरात नाही.

फेब्रुवारीत हर्बने लकी वेलची टूम काढली. लकी वेल, म्हणजे नशीबवान विहीर, हे डोंगरापलीकडचं ओसाड गाव. एके काळी तिथे तांबं निघालं, मग माणसं आली, दारूचं दुकान आलं, तुरुंग आला, सगळ्यात शेवटी चर्च आलं आणि तांबं संपलं. ज्या विहिरीवरून गावाला नाव पडलं तिला पाणी कधी लागलंच नाही. नाव आधी ठेवून बसले होते. हर्बच्या उघड्या जीपमध्ये पुढे तो आणि जोलीन, मागे डॉरीन आणि वेंडेल, मधे सँडविचचा डबा. रस्ता असा, की दर खड्ड्याला डबा उडायचा आणि दोघांचे हात एकाच वेळी त्याच्यावर पडायचे.

"डबा मी धरते. तुम्ही तुमचे हात धरा," डॉरीन म्हणाली.

"धरले असते. रिकामे नाहीत, टोपी धरलीय."

गावात पोचल्यावर जोलीनने नवऱ्याचा दंड पकडला. "हर्ब, चल, आपण कबरी बघू."

"बघितल्यात की."

"परत बघ."

हर्ब निमूट गेला. मुलीचं शाळेतलं नाटक बघायला आलेल्या आईसारखी जोलीन लांबूनही मान वळवून वळवून बघत होती.

मोडक्या दारूच्या दुकानात एखादा जुना पियानो असेल आणि वेंडेल त्याच्यावरून हात फिरवेल, अशी कुणाचीही अपेक्षा असते. पियानो नव्हता. बिअरचे डबे होते, अलीकडचे. डॉरीनने ते संतापाने गोळा करून पिशवीत भरले, वेंडेलने पिशवीचं तोंड धरलं. मग दोघं बँकेच्या पायऱ्यांवर बसले. बँकेच्या भिंती केव्हाच पडल्या होत्या. फक्त तिजोरीच्या खोलीची लोखंडी चौकट उभी होती, आणि तिच्यातून आरपार डोंगर दिसत होता. डोंगरावर ढग चढत होते. वाऱ्याला पावसाचा वास होता, त्या वाळवंटातल्या चिकट पानांच्या झुडपांना पाऊस यायच्या आधीच येतो तसला, कडवट, ओला.

डॉरीनची तयारी होती. आदल्या रात्री तिने आरशासमोर नकार पाठ केला होता. सभ्य नकार, ठाम नकार, आणि समोरच्याने डोळ्यांत पाणी आणलं तर द्यायचा नकार. मग आरसा काही बोलला नाही तरी तिने एकदा होकारही म्हणून पाहिला होता. नुसता, कसा वाटतो ते बघायला. बरा वाटला होता, आणि त्यामुळेच तिला झोप लागली नव्हती.

"वेंडेल," ती म्हणाली, "आपली वयं आडून आडून बोलायची राहिली नाहीत. महिना होऊन गेला. सगळं वाळवंट सोडून तुम्ही माझ्याच दारात का उभे आहात? काय ते एकदा सरळ सांगून टाका."

वेंडेलने अर्धं सँडविच कागदात परत गुंडाळलं.

"हसणार नाही ना?"

"मी हसत नाही."

"माझ्याच्याने... मागे घेणं होत नाही."

"काय? शब्द?"

"ट्रेलर."

डॉरीनने सँडविचच्या डब्याचं झाकण लावलं.

"पुढे कुठेही नेतो," तो घाईघाईने म्हणाला. "मागे घ्यायला लागलो की मी एकीकडे वळवतो आणि तो दुसरीकडे जातो. एस्टर, म्हणजे माझी बायको, मागे उभी राहायची. हातात लाल रुमाल. ती रुमाल जिकडे हलवेल तसं मी चाक फिरवायचो. डावं-उजवं मी कधी बघितलंच नाही, तिच्याकडेच बघायचो. ती गेल्यापासून मी नुसता पुढेच जातोय. ओरेगनपासून इथपर्यंत एकदाही मागे आलो नाही. पेट्रोल घ्यायचं तर पलीकडून बाहेर पडता येईल असाच पंप बघायचा. एकदा एका चर्चच्या आवारात अडकलो, तर रविवारची प्रार्थना ऐकावी लागली. सगळ्यांच्या गाड्या निघाल्या, तेव्हा कुठे गोल फिरून बाहेर पडलो."

"पण माझ्या अंगणात—"

"तुमचे दगड! एवढे नीट दगड बघून वाटलं, सरकारी रस्ता असेल, वळसा घालून पलीकडे निघत असेल. बघतो तर पुढे ओढा, एका बाजूला झाड आणि एका बाजूला तुम्ही. घासणी घेऊन." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुम्ही म्हणालात, आलात तसे जा. कसा जाणार? तुमच्यासमोर ट्रेलर आडवातिडवा घालून? पुरुषमाणसाला लाज असते हो."

महिनाभराचा हिशेब डॉरीनच्या डोक्यातून सर्रकन फिरला. न सुटलेली पिकअप. पाण्याचे कॅन. 'जागा छान आहे.' जोलीनचे सगळे पेले. आणि सकाळी सकाळी विंचरलेले ते केस!  एखादा माणूस आपल्यासाठी येऊन बसला याचा संताप येतो हे तिला माहीत होतं. तो आपल्यासाठी बसलेलाच नव्हता याचा त्याच्या दुप्पट येतो हे तिला नवीन होतं.

"म्हणजे माझ्यासाठी नाही?" तोंडातून निघून गेलं.

"तुमच्यासाठी काय?"

"काही नाही! सँडविच खा!"

"डॉरीन, मी काही चुकीचं—"

"महिनाभर सावलीत बसवलंत मला! ड्रायव्हिंग येत नाही म्हणून! अहो, मी बस चालवायचे. बस! नुसतं म्हणाला असतात तर कॉफी निवायच्या आत बाहेर काढून दिला असता तुमचा तो डबा!"

"काढून दिला असतात ना," वेंडेल हळूच म्हणाला. "तेच तर."

पण 'तेच तर' म्हणजे काय, हे विचारायला सवड मिळाली नाही. हर्ब कबरींकडून पळत येत होता. हर्ब पळतोय हेच मुळात काळजीचं कारण होतं.

"डोंगरात कोसळतोय. ओढा येणार. वेंडेल, तुझी गाडी काठावर आहे. मागे घे लगेच."

हर्बचा तो वर्षातला सर्वात मोठा संवाद होता. वेंडेलचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला.

परतीच्या वाटेवरच पावसाने गाठलं. थेंब टपोरे होते आणि जीपला छप्पर नव्हतं. डबा उडत राहिला, कुणी धरला नाही.

अंगणात पोचले तेव्हा ओढ्याच्या वाळूवरून तपकिरी पाण्याची पहिली जीभ सरकत येत होती. वेंडेल पिकअपमध्ये चढला. इंजिन लावलं. दोन्ही हात चाकावर, आणि हलेना. डॉरीन मागे जाऊन उभी राहिली. "घ्या! या मागे! डावीकडे! डावीकडे म्हटलं ना! अहो, तुमचं डावं नाही, त्याचं डावं!" ट्रेलर तिरका झाला, पांढऱ्या दगडांच्या ओळीवर चढला आणि तिच्या घडीच्या खुर्चीचा चुराडा करून थांबला. ती नेटाने हात हलवत होती, पण आरशात बघणाऱ्या वेंडेलला त्यातून काही कळेना. आयुष्यभर ती चाकामागे होती आणि आर्नी मागे उभा असायचा. हात कसे हलवायचे हे तिला ठाऊकच नव्हतं.

ती तरातरा पुढे गेली आणि तिने पिकअपचं दार उघडलं.

"सरका."

"डॉरीन, ही माझी गाडी—"

"सरका नाही तर उतरा. उतराच. मागे जाऊन उभे राहा."

"आणि काय करू?"

"मला दिसत राहा."

तो उतरला. पावसात ट्रेलरच्या मागे जाऊन उभा राहिला, दोन्ही हात वर करून, बंदुकीपुढे शरण आल्यासारखा. डॉरीनने आरसा नीट केला आणि गाडी मागे घ्यायला लागली. ट्रेलर सरळ झाला. तिला खाणाखुणांची गरज नव्हतीच. पण डोळे आरशातल्या त्या चिंब माणसावरून हटेनात. टोपीतून पाणी गळतंय, जाकिटाची बटणं चुकलेली, आणि उलटी पावलं टाकत तो चाललाय. अंगावर एवढं मोठं धूड येत असताना एकदाही मागे वळून न बघता. तिच्याकडे बघत. असा माणूस एक तर मूर्ख असतो, नाही तर...

तिने ट्रेलर दगडांमधून बाहेर काढला, मोटारघराला वळसा घातला आणि उत्तरेच्या अंगाला आणून लावला. सावली वाळवंटावर पडेल अशा बेताने, तोंड मोकळ्या रस्त्याकडे. जोलीन टाळ्या वाजवत होती. ओढ्याचं पाणी घोट्यापर्यंत आलं, थोडा वेळ खळखळलं आणि आलं तसं वाळूत जिरून गेलं.

"झालं," डॉरीन उतरून म्हणाली. केस कपाळाला चिकटले होते. "समोर रस्ता आहे. आता मागे घ्यायची गरज नाही. पुढे चला. जा हवं तर."

"जाऊ?"

"मी कोण अडवणार? दगडांमुळे आला होतात, दगड मागे राहिले."

वेंडेलने टोपी पिळली. "डॉरीन, हर्बला मागे घेता येतं."

"बरं मग?"

"खाणीतला माणूस. मी दुसऱ्याच दिवशी त्याला सांगू शकलो असतो. त्याने हू की चू न करता काढून दिला असता. हर्ब कुणाला सांगणार होता?"

"मग सांगितलं का नाही?"

"पहिल्या दिवशी लाज वाटत होती..." तो म्हणाला. पाऊस त्याच्या नाकावरून ओघळत होता. "दुसऱ्या दिवसापासून लाज सोडली."

 एकाएकी डॉरीनच्या आवाजाला धार आली. "म्हणजे तुम्ही मुद्दाम? जाणूनबुजून? महिनाभर माझं ऊन खाल्लंत?"

"हो."

"हे... हे भयंकर आहे!"

"आहे खरं."

"असला निर्लज्ज माणूस मी अख्ख्या वाळवंटात बघितला नाही!" ती म्हणाली, आणि त्याच्या जाकिटाचं वरचं बटण काढून योग्य घरात घालायला लागली. एकामागून एक, खालपर्यंत, चांगला वेळ घेऊन. तिची बोटं गारठली होती. त्याने ती आपल्या हातांत धरली तेव्हा शेवटचं बटण राहून गेलं.

"आत ये," ती म्हणाली. "भिजलायस नुसता."

"हर्ब, चल," मागून जोलीनचा आवाज आला. "आपण घरी जाऊ."

"जीप इथेच—"

"चालत जाऊ."

मार्च संपता संपता ऊन तापलं आणि पाखरं उत्तरेकडे निघाली. पुढे डॉरीनचं मोटारघर, मागे वेंडेलची निळी पिकअप. मुक्कामाच्या जागी पोचलं की दोघांच्याही गाड्या तीच लावायची, तो मागे उभा राहायचा आणि हात हलवायचा. त्या हातांचा काही उपयोग नव्हता. जोलीनने पुढच्या हिवाळ्यात लग्नासाठी पाहुण्यांना आमंत्रणं केली, दोन मजली केक मागवला आणि लकी वेलच्या पडक्या चर्चमध्ये फुलं कुठे बांधायची तेही हर्बकडून ठरवून घेतलं.

लग्न झालं नाही. डॉरीनने पुन्हा लग्न केलं असतं, तर आर्नीच्या मागे तिला मिळणारं पेन्शन बंद झालं असतं.